सोशल मीडिया बाजूला ठेवून आपल्या कामाला बसताना: मुंबईकरांसाठी क्रमवार माहिती

तुम्ही नोकरी करता, रोज लोकलने जाता-येता. कधीतरी कथा, कविता, एकांकिका, चित्रं, चाली असं काहीतरी मनापासून करत होता आणि ते आता मागे पडलंय. इन्स्टाग्राम-फेसबुक बंद केलं तर वेळ मिळेल असं वाटतं. एक-दोनदा बंद करूनही पाहिलंत आणि आठवड्याभरात परत आलात. असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी मुलुंडला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते आणि कथा लिहिते. मी स्वतः यातून गेले आहे, आणि लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, नाटक करणाऱ्या बऱ्याच मित्रमैत्रिणींना जाताना पाहिलंय. बहुतेकांचं एकाच ठिकाणी अडतं. ते अकाउंट आधी बंद करतात आणि काम नंतर शोधतात. मधल्या रिकाम्या वेळात फोन पुन्हा हातात येतो. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. अकाउंट बंद करणं यात पाचव्या पायरीवर आहे, ते मुद्दाम.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- एक साधी वही आणि दोन पेनं. चित्रकारांनी बॅगेत मावेल एवढी चित्रवही. स्वस्तात हवं असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट आहेच.
- गजराचं घड्याळ. हे नक्की घ्या. गजरासाठी फोन उशाशी राहिला की दिवसाची सुरुवात फोननेच होते.
- वाचनालयाच्या सभासदत्वासाठी आधार कार्ड किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, दोन पासपोर्ट फोटो आणि अनामत रक्कम.
- सगळ्या अकाउंटचे पासवर्ड आणि त्यांना जोडलेला ईमेल व मोबाइल नंबर, कागदावर लिहून. जुना नंबर जोडलेला असेल तर आधी बदलून घ्या. नाहीतर ओटीपी भलत्याच फोनवर जाईल.
- फोटो आणि जुनं लेखन उतरवून घ्यायला पेनड्राइव्ह किंवा लॅपटॉपवर जागा.

1. कामाचं नाव वहीत लिहा

‘पुन्हा लिहायला लागायचं’ एवढ्याने काही होत नाही. ‘चाळ पाडायच्या आदल्या महिन्यातली एक कथा, साधारण 3000 शब्द’ असं लिहिलंत तर ते काम झालं. ते संपलं की नाही हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. चित्रकाराने ‘30 पानांची चित्रवही, सगळी रेल्वे स्टेशनं’ असं धरावं, गाणाऱ्याने एक बंदिश किंवा तीन चाली. पहिल्याच खेपेला कादंबरी घेऊ नका. कादंबरी वर्षभर संपत नाही, आणि संपल्याचा अनुभव तुम्हाला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच यायला हवा.

कामाला बाहेरची तारीख जोडा. मराठीत लिहिणाऱ्याला दिवाळी अंकांची मोठी सोय आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. बहुतेक संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवतात, म्हणजे उन्हाळ्यात बसलात तर वेळेवर पोचता. एकांकिका लिहिणाऱ्यांचं वर्ष स्पर्धांवर चालतं. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा 25 जानेवारीच्या रात्री असते. तिथवर पोचायचं तर आधीच्या स्पर्धा जिंकाव्या लागतात, म्हणजे संहिता पावसाळ्यातच हातात हवी.

इथे एक सापळा आहे. ‘मी सोशल मीडियावरून ब्रेक घेतेय’ अशी पोस्ट टाकू नका. तिच्याखाली कोण काय म्हणालं हे पाहायला तुम्ही दर तासाला आत जाल. ज्यांना खरंच कळायला हवं त्यांना फोन करून सांगा.

2. वेळ कुठे जातो ते आठवडाभर पाहा

अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ सेटिंग्जमध्ये असतं. एका दिवसाचा आकडा फसवा असतो, सात दिवसांचा पाहा. कोणतं ॲप आणि दिवसातली कोणती वेळ, या दोन गोष्टी वहीत उतरवा. बहुतेक मुंबईकरांची वेळ तीन ठिकाणी सापडते: लोकलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री अंथरुणावर.

यातली सगळी वेळ कामाला येत नाही, हे आधीच मान्य करा. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दारात लटकून कुणी कथा लिहीत नाही. रात्री अकराला डोळे मिटत असतात, तेव्हाही नवं काही सुचत नाही. सापडलेल्या दोन तासांतून पाऊण तास कामाचा निघाला तरी पुष्कळ झालं. बाकीच्या वेळेत झोपा. फोनमुळे गेलेली झोप आधी भरून निघायला हवी. अर्धवट झोपेत वाक्यं जमत नाहीत.

मला पटलेला आणि अनेकांना लागू पडलेला उपाय म्हणजे एक तास आधीची गाडी. गर्दी बरीच कमी असते, बसायला मिळण्याची शक्यता वाढते आणि ऑफिस उघडायच्या आधी तुम्ही फोर्टात, बीकेसीत किंवा अंधेरीत पोचलेले असता. तो पाऊण तास तुमचा. ठाणे, कुर्ला, अंधेरी, बोरिवली इथून सुटणाऱ्या स्लो गाड्यांचं वेळापत्रक पाहून ठेवा. सुरुवातीच्या स्टेशनला बसलात की शेवटपर्यंत मांडीवर वही राहते. मात्र ज्यांना घरात सकाळचा डबा, मुलांची शाळा आणि पाण्याची वेळ सांभाळायची असते, त्यांना हे जमत नाही. बहुतेक घरांत ते बायकांवर असतं. त्यांनी संध्याकाळी घरी पोचण्याआधीचा वेळ धरावा, आणि तो घरच्यांशी स्पष्ट बोलून धरावा. कसा, ते चौथ्या पायरीत सांगते.

3. जागा शोधा

मुंबईत ही पायरी सगळ्यात अवघड. वन रूम किचनमध्ये चार माणसं, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या. अशा घरात फोन हीच एक खासगी खोली होऊन बसलेली असते. तोंडासमोर धरला की आपण एकटे. ती काढून घ्यायची तर दुसरी द्यायला हवी, म्हणून जागा ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाचनालयांपासून सुरुवात करा. दादर-नायगाव भागात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. त्याची स्थापना 1898 ची. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुनं, 1893 चं. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ आहे, 1923 पासूनचा. फोर्टात नोकरी असेल तर काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे. तिची इमारत 1870 ची, आणि मागे झाडांची बाग आहे. ऑफिसातून चालत जाता येणारी जागा निवडा. रिक्षा किंवा बस करावी लागली की आठवड्यात उत्साह संपतो. वेळा, सुट्टीचा वार आणि वर्गणी तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. आत बसून लिहायला परवानगी आहे का, हेही विचारा. काही ठिकाणी फक्त पुस्तकं बदलून मिळतात.

वाचनालय जवळ नसेल तर अभ्यासिका. अनेक वॉर्डांत महापालिकेच्या किंवा मंडळांच्या अभ्यासिका आहेत. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात, कुणी कुणाशी बोलत नाही, पंखा असतो. परीक्षेच्या मोसमात जागा मिळणं कठीण, म्हणून आधी नाव नोंदवा. मोठ्या माणसांना तिथे संकोच वाटतो. वाटू देऊ नका. चाळिशीपुढची माणसंही तिथे शांतपणे आपलं काम करताना मी पाहिली आहेत.

चित्र काढणाऱ्यांना सगळं शहर मोकळं आहे. काळा घोड्याचा फुटपाथ, टाउन हॉलच्या पायऱ्या, माटुंग्याची पाच उद्यानं, शिवाजी पार्कचा कट्टा. जहांगीर आर्ट गॅलरीच्या आत-बाहेर एक चक्कर महिन्यातून मारा. दुसऱ्यांचं काम प्रत्यक्ष, खऱ्या आकारात पाहणं फोनवर होत नाही.

घरीच बसायचं ठरलं तर एक कोपरा आणि एक ठराविक वेळ धरा. गच्ची वापरणार असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा. किल्लीवरून वाद झाला की तो महिनाभर चालतो.

4. माणसांशी बोला, ग्रुप आवरा

व्हॉट्सॲप पूर्ण सोडा असं मी सांगणार नाही. पाणी कधी येणार नाही हे सोसायटीच्या ग्रुपवर कळतं, मुलांचा गृहपाठ शाळेच्या ग्रुपवर येतो, साहेबांचे निरोप ऑफिसच्या ग्रुपवर. आणि घरातलं कुणी गेलं तर ती बातमीही आता ग्रुपवरच येते. हे चुकेल ही भीती खरी आहे. ती झटकून टाकण्यापेक्षा तिची व्यवस्था लावा.

माझी पद्धत अशी. सगळ्या ग्रुपची यादी करून तीन भाग पाडा. ज्यांतून निरोप चुकला तर नुकसान होईल, असे ग्रुप ठेवा. दोन-तीनच निघतात. ज्यांत माणसं आपली आहेत पण मजकूर फॉरवर्डचा आहे, ते कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, आणि सेटिंग्जमध्ये ‘कीप चॅट्स अर्काइव्ह्ड’ चालू करा. म्हणजे नवा मेसेज आला तरी ग्रुप वर उसळत नाही. उरलेल्यांतून बाहेर पडा. बाहेर पडल्याची सूचना आता फक्त ॲडमिनला जाते. मात्र गेल्या 60 दिवसांत बाहेर पडलेल्यांची नावं ग्रुपच्या माहितीत कुणालाही पाहता येतात, तेव्हा नात्यातल्या ग्रुपमधून गुपचूप निघू नका. आत्याला किंवा मामींना फोन करा: “मी ग्रुप फारसा बघणार नाही, पण काही महत्त्वाचं असलं तर मला फोन करा, मी लगेच उचलीन.” मग त्यांचा फोन खरंच उचला. एवढं केलंत की कुणी रागवत नाही. उलट वर्षानुवर्षं ‘गुड मॉर्निंग’वर चाललेल्या नात्यात चार वाक्यं बोलणं होतं.

स्टेटस बघणं ही इन्स्टाग्रामची धाकटी बहीणच आहे. ज्यांचे स्टेटस सवयीने उघडता ते म्यूट करा.

घरच्यांना वेळ सांगताना ‘मला जरा वेळ हवाय’ असं मोघम बोलू नका. “मंगळवार आणि गुरुवार मी आठ वाजता घरी येईन, त्या दिवशी भात-आमटी तुम्ही लावा,” असं नेमकं सांगा. वेळ मागितला की तो कशासाठी, हा प्रश्न येतोच. तेव्हा पहिल्या पायरीतलं कामाचं नाव उपयोगी पडतं. ‘कथा पूर्ण करायची आहे, ऑगस्टपर्यंत’ हे सासूबाईंनाही समजतं.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा सांगते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस पाहिलेला मुंबईकर फोनपासून लांब राहायला घाबरतो, आणि ते साहजिक आहे. पण पुराची खात्रीची बातमी रील्सवर मिळत नाही. तिथे मागच्या वर्षीचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा 1916 आणि रेल्वेचा 139 हे दोन नंबर सेव्ह करा, गाड्यांसाठी एम-इंडिकेटर ठेवा, आणि घरच्यांना सांगा की काही झालं तर मेसेज न करता फोन करायचा.

5. आता अकाउंट

आधी आपला ऐवज काढून घ्या. इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हीकडे अकाउंट्स सेंटरमध्ये आपली माहिती डाउनलोड करण्याची सोय असते. वाचायला सोपं म्हणून एचटीएमएल स्वरूप निवडा. फाइल तयार झाली की ईमेल येतो आणि ती थोडेच दिवस उपलब्ध राहते, तेव्हा लगेच उतरवा. फेसबुकवर वर्षानुवर्षं टाकलेल्या कविता अनेकांकडे दुसरीकडे कुठेच नसतात. त्या हरवू देऊ नका.

मग दोन गोष्टी तपासा. एखाद्या पेजचे किंवा ग्रुपचे तुम्ही एकटेच ॲडमिन असाल तर दुसऱ्या विश्वासू माणसाला ॲडमिन करा. तुमच्यामागे नाट्यसंस्थेचं पेज बंद पडायला नको. आणि ‘फेसबुकने लॉगिन करा’ असं म्हणून कोणकोणती ॲप उघडली आहेत ते पाहून तिथे ईमेल-पासवर्ड लावा. कारण फेसबुक तात्पुरतं बंद केलेलं असताना दुसरीकडे त्याच लॉगिनने शिरलात, तर ते आपोआप चालू होतं.

मग बंद करा, कायमचं काढून टाकू नका. माझं मत असं की पहिल्या वेळी तात्पुरतं बंद करणंच बरं. मागे परतीची वाट असली की मन शांत राहतं. कायमचं काढायचं ठरवलंत तर इन्स्टाग्राम आणि फेसबुक 30 दिवसांची मुदत देतात, त्यात लॉगिन केलंत की विनंती रद्द करता येते. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) बंद केल्यापासून 30 दिवसांत परत गेला नाहीत तर ते अकाउंट पुसलं जातं. तिथे तात्पुरतं असं काही नसतं, हे विसरू नका.

शेवटी फोनवरून ॲप काढून टाका. वेळेची मर्यादा लावणारा टायमर, पडदा काळा-पांढरा करणं, ॲप फोल्डरमध्ये लपवणं यांवर माझा विश्वास नाही. जो टायमर आपण लावला तो आपणच एका बोटाने उडवतो. काही फोनवर फेसबुक आधीपासून असतं आणि निघत नाही, तिथे सेटिंग्जमधून ‘डिसेबल’ करा.

ज्यांचं पोट यावर आहे त्यांच्यासाठी: फोटोग्राफर, मेंदी काढणाऱ्या, ऑडिशन शोधणारे नट, चित्रं विकणारे. तुम्ही अकाउंट ठेवा, ॲप काढा. आठवड्यातून एक वार धरून लॅपटॉपच्या ब्राउझरमधून जा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्याच मेटा बिझनेस सूटमध्ये आठवड्याच्या पोस्ट आधी लावून ठेवता येतात. प्रोफाइलवर कामासाठीचा ईमेल किंवा नंबर ठळक लिहा, म्हणजे गिऱ्हाईक मेसेजमध्ये अडकणार नाही.

6. पहिले काही आठवडे

हात आपोआप खिशाकडे जाईल. सिग्नलला, लिफ्टमध्ये, गाडी दादरला थांबली की. हे होणारच. 2006 मध्ये अझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने न संपणारं स्क्रोलिंग तयार केलं. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, याला ते नाही, त्यामुळे थांबायची खूण आपल्या हाताला उरलेली नाही. तेव्हा आपलं मन कमकुवत आहे असं धरून खंत करत बसू नका.

खरा धोका बदली सवयीचा. इन्स्टाग्राम गेलं की त्याच जागी यूट्यूब शॉर्ट्स येतात, नाहीतर क्रिकेटचा स्कोअर, नाहीतर काही विकत न घेता चाललेली खरेदी. यूट्यूबची ‘वॉच हिस्टरी’ पुसून बंद करा, म्हणजे मुख्य पानावर शिफारशी येत नाहीत. हवं ते शोधून पाहता येतं. बातम्यांसाठी सकाळचा छापील पेपर घ्या.

दुसरा धोका ‘संदर्भ शोधण्याचा’. कथेत 1982 चा गिरणी संप आला, म्हणून एक तारीख पाहायला फोन उघडला आणि अर्धा तास गेला. असे प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा आणि बैठक संपल्यावर एकदम शोधा. मजकुरात तिथे नुसती फुली मारून पुढे जा.

सुरुवातीच्या बैठकांत काही सुचणार नाही. वाक्यं सपाट येतील. तरी वेळ पूर्ण होईपर्यंत उठू नका. गाडीत समोर बसलेल्या माणसाच्या हातातल्या पिशवीचं वर्णन लिहा, स्टेशनची नावं लिहा, काहीही. ज्या दिवशी डोंबिवली फास्टमधल्या दोन बायकांचं भांडण तुमच्या कानावर पडतं आणि तुम्हाला ते जसंच्या तसं लिहून काढावंसं वाटतं, त्या दिवसापासून गाडी रुळावर येते. त्याआधी वर्षभर त्या बायका शेजारीच भांडत होत्या.

7. वाचणारं एक माणूस

परत जाणारी बहुतेक माणसं करमणुकीसाठी जात नाहीत. ती दाद हवी म्हणून जातात. फेसबुकने लाइकचं बटण 2009 मध्ये आणलं. तेव्हापासून चार ओळी लिहायच्या, टाकायच्या आणि दहा मिनिटांत ‘क्या बात’ ऐकायची, ही सवय आपल्याला लागली. ते प्रेम खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण चार ओळींवर दाद मिळाली की पाचवी ओळ लिहायची गरजच संपते. अर्धवट कविता टाकायला लागल्यापासून अनेकांच्या पूर्ण कविता कमी झाल्या, हे मी जवळून पाहिलंय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

ही दाद गेल्यावरचा एकटेपणा सोसायला एक वाचक शोधा. एकच. तो खोटं बोलणारा नको आणि स्वतः काही न लिहिणारा, पण भरपूर वाचणारा असेल तर उत्तम. जुने शिक्षक, ऑफिसमधली वाचणारी मैत्रीण, ग्रंथालयातले काका. पूर्ण खर्डा छापून, कागदावर द्या. “आवडलं का?” असं विचारू नका. “कुठे कंटाळलात? कुठे कळलं नाही?” असं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहा. नाटकवाल्यांनी दोन-तीन नटांना बोलावून संहिता मोठ्याने वाचून घ्यावी. कागदावर चांगली दिसणारी वाक्यं तोंडात कशी अडकतात ते लगेच कळतं. चित्रकारांनी आठवडाभर चित्र भिंतीला उलटं लावून ठेवावं आणि मग सुलटं करून दुसऱ्या चित्रकारासोबत पाहावं.

उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतील. दहा मिनिटांत दाद मिळायची सवय असलेल्याला ते फार वाटतात. तोवर नवीन काही लिहू नका, वाचा.

8. काम पाठवा

दुसरा खर्डा करा, टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल संपादकांकडे उघडली की अक्षरांचा चुराडा होतो. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या आणि ‘पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नाही’ हे वाक्य लिहा. हे वाक्य खरं असायला हवं. अनेक संपादक फेसबुकवर टाकलेलं लेखन प्रसिद्ध झालेलंच धरतात, तेव्हा मधल्या काळात एक परिच्छेदही कुठे टाकू नका. एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर एक सभ्य ईमेल करा आणि मग दुसरीकडे पाठवा.

कथा पाठवली त्याच दिवशी पुढच्या कामाचं नाव वहीत लिहा आणि त्याला तारीख जोडा. अकाउंट पुन्हा उघडायचं की नाही, हा विचार ते दुसरं काम पूर्ण झाल्यावर करा.